आव्हो

श्रोतेहो, रेडिओ केंद्राने विषय दिलाय ऑस्ट्रेलियातल्या बोलीतल्या इंग्रजीचा. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, आणि मेलबर्नला मुलीकडे गेलो तर पहिल्याच आठवड्यात माझी दांडी उडाली. शेजारणीने जेवायला बोलावलं. म्हणाली, येताना 'अ प्लेट' घेऊन या. मला वाटलं, बिचारीकडे भांडी कमी असतील. दोन स्टीलच्या ताटल्या पिशवीत घातल्या. मुलीने दारातच अडवलं, "अहो बाबा, प्लेट म्हणजे काहीतरी करून न्यायचं!" मग घाईघाईने कांदाभजी तळली.

तसंच 'थाँग्ज'. तिथे त्या साध्या रबरी चपला!

पण माझा जीव जडलाय तो तोडलेल्या शब्दांवर. आफ्टरनून म्हणजे 'आव्हो'. लिहिताना त्यात र घालतात, बोलताना गिळतात. मला तर आधी वाटलं, कुणी 'अहो' म्हणून हाक मारतंय. ब्रेकफास्टचा 'ब्रेकी', डासाचा 'मॉझी', ॲम्ब्युलन्सवाला 'ॲम्बो'. मॅकडोनाल्ड्सला लोक 'मॅकाज' म्हणतात. २०१३ मध्ये कंपनीने काही दुकानांवर तशा पाट्याही लावल्या.

यावर आपले लोक म्हणतात, आळस! नाही हो. पुन्हा सांगतो, आळस नाही. डेव्ह हे एवढंसं नाव. त्याचं ते 'डेव्हो' करतात. म्हणजे वाढवतातच की! आपण रामचा राम्या करतो, त्यात जिभेचे कष्ट वाचतात का? राम्या म्हणायला सलगी लागते. तिथे ती उधार मिळते. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस पहिल्या भेटीत मला 'मेट', म्हणजे दोस्त, म्हणाला. मी सत्तरीचा, तो पंचविशीचा.

या बोलीची मुळं जुनी आहेत. १७८८ पासून इंग्लंडहून धाडलेले कैदी तिकडे पोचू लागले. जेम्स हार्डी व्हॉक्स हा त्यांतलाच. काळं पाणी त्याच्या नशिबी तीनदा आलं. १८१२ साली त्याने चोरांच्या भाषेचा छोटा कोश केला. ऑस्ट्रेलियात रचलेला पहिला शब्दकोश म्हणून त्याचं नाव घेतात. भाषेचा पहिला हिशेब लिहिला कुणी, तर चोराने! आणि आपण? पोरगं घरात 'लै भारी' म्हणालं की डोळे वटारतो. वटारू नका हो.

'नो वरीज' राहिलंच... काचेपलीकडून हात वर झालाय. बरं, एकच. 'येअ, ना', म्हणजे हो आणि नाही एका दमात. बहुतेक वेळा ते 'नाही'च असतं.