लिफ्ट, जिना आणि मी
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चौथ्या मजल्यावर राहत असूनही मध्यंतरी वर्षभर मी जिन्यानेच ये-जा करत होतो. "काका, या वयात काय फिटनेस!" असं कौतुकही झालं. आज कबूल करतो, तो व्यायाम नव्हता. मला लिफ्टची भीती वाटत होती.

एकदा लाइट गेले आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. पाच-सात मिनिटांचाच प्रश्न होता. पण छाती धडधडू लागली, दरदरून घाम फुटला, श्वास पुरेना. वाटलं, हा हार्ट अटॅकच! डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. हृदय ठणठणीत. पुढे मात्र तोच त्रास बँकेच्या रांगेत, लोकलमध्ये, अगदी आपल्या सत्यनारायणाच्या पूजेतही होऊ लागला. मी बाहेर पडणंच कमी केलं.

शेवटी डॉक्टरांनीच समुपदेशकांकडे पाठवलं. पहिल्या दिवशी स्कूटर मुद्दाम पुढच्या गल्लीत लावली. सोसायटीतलं कुणी पाहिलं तर?

तिथे मला कुणी उपदेश केला नाही. मॅडमनी कागदावर एक चक्र काढलं. छाती धडधडते, मन म्हणतं "आता संपलं", त्या विचाराने धडधड आणखी वाढते. जिना धरला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण 'लिफ्ट टाळली म्हणून वाचलो' असं मन धरून बसतं. म्हणजे माझा तथाकथित व्यायामच भीतीला खतपाणी घालत होता!

मग गृहपाठ सुरू झाला. आधी दुपारच्या वेळी दार उघडं ठेवून लिफ्टमध्ये नुसतं उभं राहायचं. मग हिच्यासोबत एक मजला. मग एकट्याने. दर वेळी वहीत दोन रकाने: काय होईल असं वाटतं आणि प्रत्यक्षात काय झालं. पहिल्या रकान्यात "चक्कर येऊन पडेन" हे १७ वेळा लिहिलंय. दुसऱ्यात एकदाही नाही.

चार महिने लागले. मध्ये एकदा पुन्हा जिन्यावर आलो होतो, तेही सांगतो. माझं औषधांशिवाय भागलं. काहींना औषधं लागतात, ती मानसोपचारतज्ज्ञ देतात. त्यात कमीपणा नाही. उदासी, उडालेली झोप, मुलांचा परीक्षेचा ताण, जवळचं माणूस गेल्याचं दुःख, कशासाठीही मदत घेता येते. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर सरकारच्या 'टेली-मानस'चा १४४१६ हा नंबर आहे. फोन मोफत, २४ तास, मराठीतही बोलता येतं.

२५ वर्षांत आपण गळती, पाण्याची टाकी, पार्किंग, सगळं मीटिंगमध्ये मांडलं, भांडलोसुद्धा. मनाचं मात्र प्रत्येकाने आपापल्या दाराआड ठेवलं. कुणाला बोलावंसं वाटलं तर चौथ्या मजल्यावर या. चहा तयार असेल. आणि जिन्याने आलात, तरी मी कारण विचारणार नाही.