समुद्राच्या पाण्यातले डंख

आपण शिरोळ तालुक्याची माणसं म्हणजे नदीकाठची माणसं. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर आपली लहानपणची अंघोळ झालेली. पावसाळ्यात दक्षिणद्वार सोहळा झाला की आपण सगळ्या तिथं स्नानाला हजर. 2019 चा आणि 2021 चा महापूर आपण सोसला. पाण्याबरोबर घरात साप शिरले, तेही बघितले. त्यामुळं पाण्याची भीती अशी आपल्याला वाटत नाही. आणि नेमकं तिथंच आपण चुकतो. नदीकाठच्या सवयी घेऊन आपण समुद्रावर जातो. आज मी त्याबद्दल बोलणार आहे.

आधी आमच्याच घरची गोष्ट सांगते. एका श्रावणी सोमवारी आमच्या बचत गटाच्या बायका गाडी करून फोंडा घाटानं कुणकेश्वरला गेलो होतो. दर्शन झालं, मग पोरं वाळूत पळाली. समुद्र खवळलेला, म्हणून पाण्यात जाऊ नका एवढंच आम्ही बजावलं होतं. माझ्या जावेची अकरा वर्षांची मुलगी वाळूतच खेळत होती. तिला एक निळा फुगा सापडला. बोटभर लांबीचा, काचेसारखा चमकणारा. तिनं तो उचलला आणि दुसऱ्या क्षणी अशी किंचाळली की आमच्या हातातले डबे खाली पडले.

फुग्याला निळे दोरे होते, ते तिच्या मनगटाभोवती गुंडाळले होते. आम्ही काय केलं? नदीवर करतो तेच. एकीनं वाळू घेऊन हात खसाखसा चोळला. मी बाटलीतलं पिण्याचं पाणी ओतलं. पोरगी आणखीनच ओरडायला लागली. हातावर चाबकाचे फटके मारल्यासारखे लाल वळ उठले. तेवढ्यात शेजारच्या टपरीवरची एक मावशी धावत आली आणि माझ्या हातातली बाटली तिनं हिसकावूनच घेतली. "गोडा पाणी घालू नको गो बाय, खाराच घाल!" तिनं समुद्राचं पाणी ओतलं, चिमट्यानं एकेक दोरा उचलून काढला आणि मग चहाच्या शेगडीवरचं पाणी विसावून त्यात पोरीचा हात बुडवून ठेवला. अर्ध्या तासानं पोरीचं रडं थांबलं.

घरी आल्यावर मी या विषयाचं वाचलं, डॉक्टरांना विचारलं. तेव्हा कळलं, त्या मावशीनं केलेलं सगळं बरोबर होतं आणि आमचं सगळं चुकीचं.

त्या निळ्या फुग्याला ब्लू बॉटल म्हणतात. दिसतो एक प्राणी, पण ती बारीक बारीक जीवांची एकत्र वस्ती असते. वरचा फुगा हवेनं भरलेला, शिडासारखा. वारा नेईल तिकडं तो जातो. म्हणून पावसाळी वाऱ्यात हे फुगे आपल्या किनाऱ्याला लागतात. खाली लोंबणारे दोरे काही मीटर लांब असतात. त्या दोऱ्यांवर डोळ्यांना न दिसणाऱ्या हजारो पेशी असतात आणि प्रत्येक पेशीत एक विषारी सुई स्प्रिंगसारखी गुंडाळून ठेवलेली असते. धक्का लागला की सुई सुटते. चोळलं की उरलेल्या सुयाही सुटतात. गोड पाणी पडलं तरी सुटतात, कारण त्या पेशींना खाऱ्या पाण्याची सवय असते. वाळूत मरून पडलेल्या ब्लू बॉटलच्या सुयाही तशाच भरलेल्या असतात. मेलेला विंचू आपण काडीनं ढकलतो, तसं हे काडीनंसुद्धा ढकलू नये. पोरांना लांबूनच दाखवावं.

हे काही क्वचित घडणारं नाही. ऑगस्ट 2018 मध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर शंभराहून जास्त लोकांना ब्लू बॉटलचे डंख झाले. नोव्हेंबर 2020 मध्ये गोव्यात दोन दिवसांत नव्वदहून जास्त लोकांवर जेलीफिशच्या डंखासाठी जीवरक्षकांनी उपचार केले. बहुतेकांना वेदना होऊन त्या ओसरल्या. पण एखाद्याला श्वास लागतो, छातीत दुखतं, तोंड सुजतं, उलट्या होतात. असं झालं तर घरगुती उपायात वेळ घालवायचा नाही. लगेच 108 ला फोन करायचा.

आता दुसरा डंख, पाकटाचा. पाकट म्हणजे ताटासारखा चपटा मासा, लांब शेपटीचा. तो उथळ पाण्यात अंगावर वाळू ओढून पडून राहतो. आपण होऊन तो कुणाच्या मागं लागत नाही. पण पाय त्याच्यावर पडला की शेपूट उसळतं. शेपटीवर करवतीसारखा दातेरी काटा असतो, त्यात विष असतं. 2013 च्या गणेशोत्सवात दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर पन्नासहून जास्त भाविकांना पाकटांनी असे जखमी केले. अनवाणी, कमरेभर पाण्यात, डोक्यावर मूर्ती; पायाखाली काय आहे कोण बघणार? त्यानंतर विसर्जनाच्या वेळी मुंबईत तशा सूचना देतात: गमबूट घाला, लहान मुलांना पाण्यात नेऊ नका.

समुद्रात उतरायचं तर पाय उचलून टाकू नका, वाळूतून घासत घासत चाला. आपली चाहूल लागली की पाकट निघून जातो. काटा लागलाच, तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा, अर्धा ते दीड तास. उष्णतेनं वेदना उतरते. पाणी बाळाच्या अंघोळीपेक्षा जरा कडक हवं, पण पोळणारं नको. दुखऱ्या पायाला अंदाज येत नाही, म्हणून आधी दुसऱ्या बाईनं आपलं कोपर बुडवून बघायचं. आणि वेदना गेली तरी दवाखान्यात जायचंच. काट्याचा तुकडा आत राहतो, जखम चिघळते, धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं. काटा छातीत किंवा पोटात रुतला असेल तर तो उपसायचा नाही, तसंच उचलून दवाखाना गाठायचा. ऑस्ट्रेलियाचे प्रसिद्ध प्राणीमित्र स्टीव्ह आयर्विन 2006 मध्ये पाकटाचा काटा छातीत घुसूनच गेले.

ज्यांना समुद्रावर जायचंच नाही त्यांनीही ऐका. आपल्या बाजारात शिंगाळा येतो. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे काटे असतात. तेही विषारी, आणि मासा मेला तरी टोचायचे थांबत नाहीत. शक्यतो विकणाऱ्याकडूनच काटे तोडून घ्यावेत. घरी टोचलाच तर उपाय तोच, गरम पाणी.

सापाचं बोलते, कारण आपल्याकडं सगळ्यात आधी हाच प्रश्न येतो. समुद्रात साप असतात. मालवणच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या जाळ्यात ते सापडतात, त्यांचा अभ्यासही झाला आहे. शेपूट वल्ह्यासारखं चपटं असतं, त्यावरून ओळखायचं. अंघोळ करणाऱ्याला ते सहसा चावत नाहीत. धोका असतो जाळं सोडवणाऱ्या हातांना. चावलेलं फारसं दुखत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. मग काही तासांनी अंग आंबतं, स्नायू दुखतात, लघवी काळपट होते. आणि एक महत्त्वाची गोष्ट: आपल्या सरकारी दवाखान्यात मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांवरची आहे. समुद्री सापाच्या विषावर तिचा भरवसा धरता येत नाही. म्हणून वाळूत निपचित पडलेला साप दिसला तर मेलेला समजून हात लावू नका. आणि चावला तर थेट मोठ्या दवाखान्यात, जिथं कृत्रिम श्वासाची सोय आहे तिथं.

आता आपण सगळ्यालाच 'विषारी' म्हणतो, पण विष दोन तऱ्हेचं. विंचवाचं विष नांगीतून येतं. धोतरा मात्र कुणाला टोचत नाही, तो खाल्ला की बाधतो. समुद्रातही तसंच आहे. आतापर्यंत सांगितलं ते विंचवासारखं. आता धोतऱ्यासारखं सांगते.

केंड नावाचा मासा आहे, घाबरला की पोट फुगवून चेंडू होतो. जाळी फाडतो म्हणून कोकणातले मच्छीमार त्याच्यावर चिडून असतात. त्याच्या काळजात, गाभोळीत, कातडीत जहाल विष असतं. तळलं, उकळलं तरी ते जात नाही. खाल्ल्यावर आधी ओठ, जीभ बधिर होतात, मग हातपाय गळतात, शेवटी श्वास बंद पडतो. त्यावर उतारा नाही. विष उतरेपर्यंत यंत्रानं श्वास द्यावा लागतो. म्हणून किनाऱ्यावर स्वस्तात मिळाला म्हणून अनोळखी मासा घेऊ नका. डोकं, कातडी काढलेला तर मुळीच नको.

बांगडा मात्र मुळात विषारी नाही. पण बर्फाविना उन्हात राहिला की त्यात एक द्रव्य तयार होतं, तेही शिजवून जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होतं, गांधी उठतात, डोकं ठणकतं. समुद्रापासून आपल्या गावापर्यंत मासा घाट चढून येतो. तेव्हा विकणारीच्या पाटीत बर्फ आहे का, हे आधी बघा आणि घरी आणल्यावर लगेच करा.

मैत्रिणींनो, हे ऐकून समुद्रावर जाणं सोडू नका. यातला एकही जीव आपल्याला शोधत येत नाही. पुढच्या सहलीला पिशवीत तीन वस्तू घाला: पायात घालायला मागून पट्टा असलेल्या चपला, एक चिमटा आणि गरम पाण्याचा थर्मास. आणि एवढं पाठ करा. चोळायचं नाही. गोड पाणी ओतायचं नाही. खाऱ्या पाण्यानं धुवायचं, दोरे चिमट्यानं काढायचे, मग सोसेल इतकं गरम पाणी. कुणी व्हिनेगर सुचवतं, पण ते सगळ्याच जेलीफिशला चालत नाही. किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला विचारल्याशिवाय लावू नका.

जावेच्या मुलीच्या मनगटावरचे वळ दोन-तीन आठवडे दिसत होते. शाळेत विचारणाऱ्या प्रत्येकाला तिनं सगळं सांगितलं. आता तिच्या वर्गातल्या पोरांना ब्लू बॉटल माहीत आहे. मला वाटतं, आपणही तेवढंच करायचं. आज ऐकलेलं घरात चार माणसांना सांगायचं. आणि त्या टपरीवरच्या मावशीला, तिचं नाव विचारायचं आमच्याकडून राहून गेलं, तिला इथूनच माझा नमस्कार.