काकांचा चार्जर



आपल्या मंचावर शेतकऱ्यांचे प्रश्न, आरक्षण, अंधश्रद्धा निर्मूलन असे विषय असतात. मी मोबाइलच्या चार्जरवर बोलणार म्हटल्यावर संयोजकांनी विचारलं, "यात पुरोगामी काय आहे?" मी म्हटलं, पंधरा मिनिटं द्या, मग तुम्हीच ठरवा.

काही वर्षांपूर्वी दिवाळीला साताऱ्याला गेले, तेव्हा नेहमीप्रमाणे बॅगेत चॉकलेटं, बदाम आणि इथे ऑनलाइन स्वस्तात मिळालेले डझनभर यूएसबी चार्जर होते. परत आल्यावर महिन्याभरात काकांचा फोन आला. "अगं, तो चार्जर फाटकन उडाला. भिंत काळी झाली बघ. अमेरिकेचा माल म्हणून मुद्दाम तोच वापरत होतो." काकांचा हात तेव्हा बटणावर नव्हता, एवढंच नशीब. विक्रेत्याला कळवावं म्हणून शोधलं, तर त्याचं पान गायब. पत्ता नव्हताच.

पुढच्या खेपेला तो चार्जर मी इकडे आणला आणि उघडला. चार्जरच्या पोटात दोन प्रदेश असतात. एकीकडे भिंतीतली वीज, दुसरीकडे आपल्या हाताशी येणारे 5 व्होल्ट. त्यांच्यामध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर आणि सर्किट बोर्डावर मोकळी जागा लागते. चांगल्या चार्जरमध्ये ही जागा साधारण पाच-सहा मिलिमीटर असते. काकांच्या चार्जरमध्ये ती एका मिलिमीटरहून कमी होती. अशा ठिकाणी थोडी धूळ, थोडा पावसाळी ओलावा साचला की भिंतीतली वीज उडी मारते आणि थेट फोनच्या धातूच्या कडेपर्यंत येऊ शकते. इथल्या 120 व्होल्टचं शिखर 170च्या आसपास असतं, साताऱ्यातल्या 230 व्होल्टचं 325. म्हणजे इथे वर्षभर निमूट चाललेला खोटा माल तिथे उडू शकतो. आपण भेट म्हणून नेमकं हेच नेतो.

आता एक गैरसमज. "लॅपटॉपचा मोठा चार्जर फोनला लावू नकोस, जळेल," असं आपल्याकडे हमखास सांगतात. चार्जर करंट ढकलत नाही, फोन हवा तेवढा ओढतो. 1996 साली यूएसबी आली तेव्हा एका पोर्टातून जास्तीत जास्त अर्धा अँपिअर मिळायचा, म्हणजे अडीच वॉट. 2021पासून मानकाप्रमाणे 240 वॉटपर्यंत जाता येतं. पण 5 व्होल्टच्या वर जाण्याआधी दोन्ही उपकरणं आपसात बोलून ठरवतात. चार्जर म्हणतो, माझ्याकडे एवढं आहे. फोन म्हणतो, मला एवढं दे. त्यामुळे नीट बनवलेला 65 वॉटचा चार्जर फोनला काही करत नाही.

प्रश्न येतो तो कुणी खोटं बोललं की. आणि केबलही खोटं बोलते! जुन्या चपट्या पोर्टातून नव्या टाइप-सी फोनला जोडणाऱ्या केबलमध्ये 56 किलोओहमचा एक इवलासा रेझिस्टर असतो. त्याचा अर्थ, "समोर जुना पोर्ट आहे, बेताने ओढ." त्या जागी 10 किलोओहमचा लावला, तर फोनला वाटतं 3 अँपिअर मिळणार, आणि तो बिचाऱ्या जुन्या पोर्टाच्या क्षमतेबाहेर ओढू लागतो. गूगलमधले इंजिनिअर बेन्सन ल्युंग यांनी 2015च्या अखेरीस अॅमेझॉनवरच्या अशा केबली स्वतः विकत घेऊन तपासायला आणि निकाल जाहीर लिहायला सुरुवात केली. फेब्रुवारी 2016मध्ये एका केबलने त्यांच्या लॅपटॉपचे पोर्टच मारले. त्या केबलमध्ये धन आणि ऋण तारा उलट जोडल्या होत्या. पुढच्याच महिन्यात अॅमेझॉनने मानकात न बसणाऱ्या टाइप-सी केबलींवर बंदी घातली. एका माणसाच्या चिकाटीचं मला कौतुक आहे. पण इतक्या मोठ्या बाजारपेठेची तपासणी एका माणसाच्या सुट्टीच्या वेळेवर चालावी, याची लाजही वाटते.

नकली चार्जरांचं चित्र त्याहून वाईट. 2016 साली यूएल या तपासणी संस्थेने अॅपलच्या नावाने विकले जाणारे 400 नकली अॅडॉप्टर तपासले. तीन सोडून सगळे नापास! त्यातले बारा जीवघेणा शॉक देण्याइतके धोकादायक.

याउलट आपण घाबरतो कशाला? एप्रिल 2023मध्ये एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने विमानतळावरच्या फुकट चार्जिंग पोर्टांपासून सावध केलं, आणि माहिती चोरीची ती बातमी आपल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरली. तांत्रिकदृष्ट्या ते शक्य आहे. पण फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननेच म्हटलं होतं की असा प्रकार प्रत्यक्षात घडल्याचं एकही पक्कं उदाहरण त्यांना माहीत नाही. आग मात्र खरोखर लागते.

यूएल ही संस्था 1894 साली शिकागोत सुरू झाली, विजेच्या आगींनी विमा कंपन्या हैराण झाल्या म्हणून. पण आजही या देशात ग्राहकाला विकायच्या चार्जरवर तिची खूण असलीच पाहिजे असा केंद्रीय कायदा नाही. भारतात अॅडॉप्टर आणि पॉवर बँकेला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. अंमलबजावणी किती होते हा वेगळा वाद, पण कायदा आहे. आपण "तिकडे सगळं रामभरोसे" म्हणतो आणि इथून बिनखुणेचा माल नेतो!

नामवंत कंपन्याही चुकतात. जून 2025मध्ये अँकरने अमेरिकेत 11 लाखांहून अधिक पॉवर बँका आगीच्या धोक्यामुळे परत मागवल्या. पण परत मागवायला कंपनीला नाव, मॉडेल नंबर आणि पत्ता लागतो. काकांच्या चार्जरला यातलं काहीच नव्हतं. स्वस्त मालाचा खरा गिऱ्हाईक गरीब माणूस असतो, आणि त्याला "बघून घ्या" सांगणं सोपं असतं. दोन मिलिमीटर कुठे कमी आहेत ते तो बघणार कसा? म्हणून माल विकणाऱ्या संकेतस्थळाला दुकानदाराइतकंच जबाबदार धरणारा कायदा हवा, असं माझं मत आहे.

तोवर घरी काय करायचं? केबल किंवा प्लग हाताला चटका देण्याइतका तापला तर फेकून द्या. करंट अर्ध्या अँपिअरवरून दोनवर गेला की तारेतली उष्णता सोळा पट होते, बारीक तारेला ते झेपत नाही. फोन उशीखाली ठेवून चार्ज करू नका. इथला चार्जर तिथल्या भोकात ढिल्या कन्व्हर्टर पिनेने अडकवू नका, तिथलाच बीआयएसचा घ्या. विमानात पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इनच्या सामानात ती चालत नाही.

बाहेरच्या टेबलावर ई-कचऱ्यासाठी एक खोका ठेवला आहे. त्याच्या शेजारी काकांचा चार्जर उघडून ठेवलाय, सोबत भिंगही आहे. जेवायला जाताना बघून जा. हात लावायला हरकत नाही, तो आता कशालाच जोडलेला नाही.