अत्तराचा हिशेब, रस्त्यांचा हिशेब



वराहमिहिर आपल्या उज्जैनचा. सहाव्या शतकातल्या या ज्योतिष्याने ग्रहांच्या गणितासोबत अत्तराचाही हिशेब मांडला. त्याच्या ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीचा एक अध्याय आहे. त्यात नागरमोथा, वाळा, तगर, अगरू, कापूर, चंदन अशी सोळा द्रव्ये येतात. त्यांतली कोणतीही चार निवडायची, तर निवडी किती? तो सांगतो, १८२०. उत्तर अगदी बिनचूक आहे.

मराठी घरांत भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चे नाव अभिमानाने घेतले जाते, आणि ते घ्यायलाच हवे. पण ‘लीलावती’ ११५० ची. हा हिशेब तिच्याही सुमारे सहाशे वर्षे आधीचा, आणि तो या गावच्या माणसाचा.

आता द्रव्यांच्या जागी रस्ते ठेवून पाहा. समजा, रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात अशा वस्तीत कुणाला बारा चौक पूर्वेला आणि चार चौक दक्षिणेला जायचे आहे. मागे वळायचे नाही. चाल एकूण सोळा टप्प्यांची. त्यांतले दक्षिणेचे चार टप्पे कोणते, हे ठरले की वाट ठरली. म्हणजे वाटाही १८२०!

वराहमिहिराची रीत निव्वळ बेरजेची आहे. १ ते १६ आकडे एकाखाली एक मांडायचे. शेजारी त्यांची वाढती बेरीज लिहीत जायची: १, ३, ६, १०... प्रत्येक नव्या रांगेत शेवटचे एक घर सोडायचे. दुसरी रांग १२० वर संपते, तिसरी ५६० वर आणि चौथी १८२० वर.

रस्त्यावरही बेरीजच चालते. दोन टप्पे पूर्वेला, दोन दक्षिणेला, एवढीच चौकट घ्या. वरच्या आणि डावीकडच्या कडेच्या प्रत्येक चौकात १ लिहा. मधल्या चौकात दोन्ही बाजूंनी एकेक वाट येते, म्हणून २. त्याच्या पुढच्या दोन्ही चौकांत ३-३, आणि शेवटी ६.

श्रावणी सोमवारी महाकालची सवारी निघते, तेव्हा रस्ते अडवले जातात. याच चौकटीतला मधला चौक बंद झाला, तर तिथे ० लिहा आणि पुन्हा बेरीज करा. सहाच्या दोनच वाटा उरतात! एक चौक अडला की गर्दी कशी दाटते, याचे एक कारण या आकड्यांत दिसते. २०२८ च्या सिंहस्थाला लाखो माणसे या गावातून पायी चालणार आहेत.

सूत्र पाठ करण्याआधी ही बेरीज हाताने करून बघा. गोपाल मंदिराभोवतीच्या गल्ल्या सरळ नाहीत, तरी हरकत नाही. मागे फिरायचे नाही, एवढे ठरवले की तिथेही प्रत्येक नाक्यावर येणाऱ्या वाटांची बेरीजच करायची असते. वहीत आपल्या गल्लीचा नकाशा काढा, नाक्यानाक्यावर आकडे लिहा आणि गणिताच्या सरांना किंवा बाईंना दाखवा.