लातूरच्या दोन रात्री
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



अध्यक्षीणबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी 'बास्केटबॉल' म्हणून सांगितले. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "हळदीकुंकवाच्या आधी की नंतर?" आधीच ठेवा म्हटले, नंतर कोणी थांबायचे नाही.

मला या खेळातले काही कळत नव्हते. आमच्या समोरच्या घरातली मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अंगाने उंच. त्या उंचीची तिच्या आईला कोण काळजी! पण त्याच उंचीमुळे तिला कॉलेजच्या संघात घेतले. संध्याकाळच्या सरावाला घरून कधी ना नव्हती. मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा लातूरला निघाली आणि सोबत जाणाऱ्या प्राध्यापिकाबाईंना ऐनवेळी अडचण आली. म्हणजे बरोबर फक्त खेळाचे सर, आणि मुक्काम दोन रात्रींचा. वडील म्हणाले, "खेळायचे ते नांदेडात खेळ."

आता लातूरला न जाऊन काय बिघडते, हे मलाही तेव्हाच समजले. आपले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला झाले. त्याआधी आपली कॉलेजे तेव्हाच्या औरंगाबादच्या विद्यापीठाकडे असत. आज नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांच्या कॉलेजांचे संघ या स्पर्धेत भिडतात, आणि तिथला खेळ पाहून विद्यापीठाचा बाराजणींचा संघ निवडतात. तो संघ पुढे पश्चिम विभागाच्या स्पर्धेला जातो. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के जागा राखीव आहेत खऱ्या, पण त्या वरच्या स्पर्धांत नंबर आणणाऱ्यांना. पहिली पायरीच चुकली तर पुढच्या कशा चढायच्या?

मुलीची आई माझ्याकडे आली. "वहिनी, पोरीला नाही म्हणवत नाही, अन् हो म्हणायची हिंमत होईना." मी तिच्या यजमानांना विचारले, "भाऊजी, मी सोबत गेले तर?" ते बराच वेळ वर्तमानपत्र चाळत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही जात असाल तर बघा."

आमच्या सासूबाईंचा आक्षेप निराळाच. हा पुरुषी खेळ, म्हणाल्या. म्हणून मी थोडे वाचून काढले. हा खेळ १८९१ साली अमेरिकेत जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने काढला. पीचच्या फळांच्या दोन टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या आणि त्यांत चेंडू टाकायचा. कडे आजही तितक्याच उंचीवर असते. पुढच्याच वर्षी तिकडच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या बाईंनी तो मुलींना शिकवला. १८९३ च्या मार्चमध्ये तिथे मुलींचा सामना झाला, त्याला पुरुषांना मज्जाव होता! मुलींना फार दमवू नये म्हणून बाईंनी मैदानाचे तीन भाग पाडले आणि जिने तिने आपल्याच भागात खेळायचे असा नियम केला. म्हणजे हा खेळ मुलींच्या हाती येऊन सव्वाशे वर्षे होऊन गेली. सासूबाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "दारे लावून खेळत होत्या ना? मग ठीक."

लोहा, अहमदपूर, चाकूर करीत एस.टी.ने आम्ही लातूरला पोचलो. मुक्काम एका कॉलेजच्या वर्गात. बाके भिंतीला सारून सतरंज्या अंथरल्या होत्या. जेवण चांगले होते, त्याबद्दल तक्रार नाही. न्हाणीघराच्या दाराला मात्र कडी नव्हती. एकीने आत जायचे, दुसरीने दार धरायचे. सकाळी मी शिपायाकडून खिळा आणि सुतळी मागून घेतली आणि कडी केली.

पण खरी गोष्ट दुसऱ्या दिवशीची. दुसऱ्या सामन्याला तासभर होता आणि आमची ही मुलगी सरांना सांगायला निघाली, पाय मुरगळला आहे, मला बसवा. मी तिला बाजूला घेतले. पाय काही मुरगळला नव्हता. महिन्याची अडचण आली होती आणि त्या सामन्याला आमच्या संघाच्या वाट्याला पांढरा पोशाख होता. सरांना हे ती मेली तरी सांगती ना, आणि सर भले असले तरी त्यांना कसे कळावे? मी समोरच्या संघाच्या बाईंकडे गेले. अर्धे वाक्य बोलले, त्यांना पुरे झाले. दोन्ही संघ राजी असतील तर पोशाखाचे रंग अदलाबदल करता येतात, असा नियमच आहे म्हणे. त्यांनी आपल्या मुलींना पांढरे घालायला लावले, आम्ही गडद निळे घातले. पंचांनी कारण विचारले नाही.

आणि मग ती पोर जी खेळली! दहा-दहा मिनिटांचे चार डाव. टप्पे घेत चेंडू नेई, दोघींच्या मधून उसळी मारी. मी बाकावरून इतकी ओरडले की घसा बसला. चौथ्या डावात तिचा पाचवा फाऊल झाला. पाच झाले की बाहेर. टॉवेलात तोंड खुपसून रडत बसली. आम्ही तीन गुणांनी हरलो. ज्यांनी पोशाख बदलून दिला त्यांच्याकडूनच हरलो; त्या बाईंनी जाताना आमच्या मुलींना पेढे दिले.

घरी आल्यावर वडिलांनी विचारले, "किती गोल केले?" ती म्हणाली, "बाबा, गोल नाही, बास्केट म्हणतात." त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा विचारले, "मग किती?" तिने सांगितले, बावीस गुण. रात्री जेवताना त्यांनी तोच आकडा आपल्या धाकट्या भावाला फोनवर सांगितला, हे मी खिडकीतून ऐकले.

विद्यापीठाच्या सराव शिबिराच्या यादीत तिचे नाव आले आहे. शिबिर दहा दिवसांचे आहे आणि मला तेवढे दिवस घर सोडता येणार नाही. तीन दिवस मी जाईन. उरलेल्या सात दिवसांसाठी दोघी-तिघी हव्यात. एस.टी.चे भाडे मंडळाच्या शिलकीतून द्यावे अशी माझी सूचना आहे, ती आजच्या सभेपुढे ठेवते. ज्यांना जमेल त्यांनी हळदीकुंकवाला उठण्यापूर्वी सेक्रेटरीबाईंकडे नाव द्यावे. जाताना खिळा आणि सुतळी बरोबर घ्यावी.