डोळे आले, कीं आणखी कांहीं?

मराठींत गोंवर येतो, कांजिण्या येतात, तसे डोळेही येतात. जें येतें तें आठ-पंधरा दिवसांनीं आपोआप जातें, असा जुना अनुभव या क्रियापदांत सांठविलेला आहे. बहुधा तो खराही ठरतो. परंतु प्रत्येक लाल डोळा म्हणजे आलेला डोळा नव्हे, आणि हा भेद न कळल्यामुळें एखाद्याची दृष्टि कायमची अधू होते.

सांथींना लोक नांवेंही मोठीं गमतीदार देतात. १९६९ सालीं अपोलो ११ हें यान चंद्रावर उतरलें, त्या सुमारास घाना देशांत हा विकार पसरला. तेथें त्याला ‘अपोलो’चेंच नांव पडलें. १९७१ सालीं बंगालमध्यें तोच ‘जय बांगला’ झाला. आपल्याकडे २०२३ च्या जुलैंत आळंदींतील शाळकरी मुलांचे डोळे मोठ्या संख्येनें आले आणि पाहतां पाहतां सांथ राज्यभर गेली.

पांढऱ्या बुबुळावरील पातळ पडदा सुजून लाल होतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखें खुपतें, पापण्या जड होतात, सकाळीं त्या चिकटलेल्या असतात. विषाणूचा विकार असेल तर पातळ पाणी वाहतें. तो एका डोळ्यांत सुरू होऊन दोन-तीन दिवसांत दुसऱ्यांत उतरतो, आणि पुष्कळदां कानापुढें दुखरी गांठ लागते. जंतूंमुळें झाला असेल तर पिवळट, घट्ट पू येतो. दोन्ही डोळ्यांना विलक्षण खाज आणि सोबत शिंका असतील, तर ती वावडें असल्याची खूण. ती कोणाला लागत नाहीं.

मात्र डोळा आंतून ठणकूं लागला, उजेड सोसवेना, किंवा चिपडें पुसूनही अंधुकच दिसूं लागलें, तर एक दिवसही दवडूं नये. संभाजीनगरकरांनीं घाटी रुग्णालय गांठावें, अथवा जवळचा नेत्रवैद्य. नवजात अर्भकाच्या डोळ्यांतून पू येणें आणि भिंग लावणाराचा डोळा लाल होणें, हींही तशींच तांतडीचीं लक्षणें.

शेजाऱ्याच्या उरलेल्या थेंबांची बाटली हें मोठें संकट. त्यांत स्टेरॉइड असेल तर लाली तात्काळ उतरते, आणि आंत बुबुळावरचा व्रण निर्वेधपणें वाढत राहतो! काजळ, मध, गुलाबपाणी हींही दूरच बरीं.

रोग्याकडे नुसतें पाहिल्यानें डोळे येत नाहींत. काळा चष्मा उजेडापुरता. रोग लागतो तो हातांनीं, पंचानें, उशीच्या अभ्र्यानें. या शहरांत कित्येक वस्त्यांना वर्षानुवर्षें नळाच्या पाण्यासाठीं अनेक दिवस थांबावें लागलें आहे; तेथें वारंवार साबणानें हात धुवा म्हणणें सोपें, करणें अवघड. निदान रोग्याचा पंचा वेगळ्या खुंटीवर असावा, आणि सांठवलेल्या पाण्यांत त्याचा हात न बुडतां दुसऱ्यानें तांब्यानें ओतावें. डोळ्यांतून पाणी वाहत आहे तोंवर मुलाला शाळेंत धाडूं नये, मग परीक्षा कां असेना.