अंबरनाथचे शिवालय आणि आमची मुले



कामगार चळवळीतल्या माणसाने देवळावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही कष्टकऱ्यांची गावे. सुटीच्या दिवशी पोरांना घेऊन जायचे कुठे, हा आमच्या चाळींतला नित्याचा प्रश्न. म्हणून आम्ही मुलांना वालधुनीकाठच्या शिवालयात नेऊ लागलो.

मुलांनी पुस्तकात मेक्सिकोतल्या माया लोकांचा चिचेन इत्झाचा पिरॅमिड पाहिलेला असतो. चारी बाजूंना ९१ पायऱ्या आणि माथ्यावरची एक धरून ३६५, म्हणजे वर्षाचे दिवस! त्यावर आता कोणाला चढू देत नाहीत. आमच्याकडे उलटा प्रकार आहे. इथे गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात, आणि खाली उभे राहून वर पाहिले की शिखराच्या जागी आभाळ दिसते. पायऱ्या किती, ते आम्ही सांगत नाही. ज्याने त्याने मोजावे. मात्र लहानांचा हात सोडू नये. जायचे ते सकाळीच. उन्हात दगड तापतो आणि अनवाणी पाय भाजतात. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळावी, गर्दीत मुलांना माणसांच्या पाठींखेरीज काही दिसत नाही. तासाभरापेक्षा अधिक थांबू नये.

आता माहितीचे. उत्तरेच्या दारातल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काळ आहे; राजा शिलाहार मम्वाणी. ही तारीख मोठ्यांसाठी. सात वर्षांच्या पोराला त्याचे काय! त्याला भिंतीच्या तळाशी चाललेली हत्तींची रांग दाखवावी आणि दोन हत्ती अगदी सारखे आहेत का, ते शोधायला सांगावे. अर्धा तास मूल हलत नाही. १८६८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या टेरीसाहेबांच्या देखरेखीखाली याच भिंतींची चित्रे काढली गेली, कोरीव कामाचे साचे घेतले गेले. आमची पोरेही वहीत हत्ती काढतात. कोणाचा हत्ती डुकरासारखा होतो; होऊ द्यावा.

एकदा कारखान्यात रोजंदारीवर असलेल्या बापाच्या मुलाने विचारले, "राजानं एकट्यानं बांधलं का?" आणि लगेच पुढे, "पाथरवटांना रोज किती मिळायचा?" आमच्या इतक्या वर्षांच्या सभांत याहून नेमका प्रश्न आम्ही ऐकलेला नाही. शिलालेखात राजा आहे, त्याचे अधिकारी आहेत. पण हा काळा कातळ पोलादासारखा. त्यावर टाकी बोथट होते, ती लोहाराने पुन्हा पाजळून द्यायची, तेव्हा कुठे सोंडेची एक वळी उठते. लोहार, भाता ओढणारा, दगड वाहणारा, अशी माणसे मोजत मोजत मुले बोटे संपवतात.

दुसरा प्रश्न अवघड. मुले नाक दाबून विचारतात, "नदीला वास का येतो?" गावांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे रसायन, हे उत्तर आम्ही लपवीत नाही. उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दंडाचा आदेश दिला. तेव्हा पोर विचारते, "माझे बाबा तिथंच कामाला आहेत, मग त्यांनी घाण केली?" नाही बाळा. पाणी शुद्ध करण्याचा खर्च वाचवून नफा कोणी केला, ते विचार. पण कारखान्याला टाळे लागले की पहिली चूल विझते ती तुझ्या बाबांची, हेही आम्ही सांगतो. म्हणून पगारवाढीइतकीच सांडपाण्याच्या शुद्धीकरणाची मागणी करावी, असे आमचे मत आहे. काही सहकाऱ्यांना ते पटत नाही. त्यांनी एकदा मुलांबरोबर यावे.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता अंबरनाथ स्टेशनच्या पूर्वेला आम्ही उभे असू. पाण्याची बाटली, कोरी वही आणि शिसपेन्सिल सोबत असू द्यावी. सिंधी, मराठी, भोजपुरी, ज्याला जी येते ती भाषा चालेल.